भाचा १७ गुण काढतो, पण त्याचे पाय बघितलेत का?

दादा, तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. भाचा अमेरिकेत ओहायोत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, बास्केटबॉलमध्ये सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच गडी), ६ फूट १० इंच, सामन्याला १७ गुण, ९ रिबाउंड (हुकलेले चेंडू पकडणं), आणि प्रश्न एकच: एनबीए ड्राफ्टला, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात त्याला, नाव द्यावं का? नाव-गाव बदललं की हा २०२२ सालचा माझा लेक. (सासूबाई अजून विचारतात, हा उंट कुणावर गेला म्हणून.)

आधी ते आकडे बाजूला ठेवा. केंटकी विद्यापीठाचा ऑस्कर शीब्वे २०२२ मध्ये देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला, सामन्याला १५ रिबाउंड घ्यायचा. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच घेतलं नाही. २०२१ चा सर्वोत्तम लुका गार्झा ड्राफ्टमध्ये ५२ वा गेला. असाच सर्वोत्तम ठरलेला झॅक ईडी ९ वा गेला खरा, पण ७ फूट ४ इंच उंची काही शिकवणी लावून येत नाही.

बघायचे ते पाय. कॉलेजात बचाव करताना सेंटर बास्केटखाली ठाण मांडून बसू शकतो. एनबीएत ज्याला अडवायचं तो खेळाडू हाताच्या अंतरावर नसेल तर तिथे तीन सेकंदांच्या वर थांबता येत नाही, आणि तो रंगवलेला पट्टाही १२ च्या जागी १६ फूट रुंद. पुढच्या सामन्यात चेंडूकडे बघूच नका. समोरचा गार्ड (चेंडू खेळवत आणणारा चपळ गडी) स्क्रीन, म्हणजे सोबत्याचा आडोसा, घेऊन आला की भाच्याची कंबर खाली जाते, की तो खांबासारखा उभाच राहतो? माझा उभा राहायचा. गार्ड बाजूने सटकायचा, मग हा मागून लांब हात टाकून चेंडू उडवायचा आणि आम्ही घसा बसेपर्यंत ओरडायचो. एका सरावाला माझ्या शेजारी स्काउट (संघासाठी खेळाडू हेरणारा) बसला होता. डंकला (चेंडू वरून रिंगात आदळण्याला) त्याने पेन उचललं नाही. गार्डने लेकाला एकदा डावीकडे फिरवलं, तेव्हा दोन ओळी लिहिल्या.

दुसरं, फ्री थ्रो (फाउल झाल्यावर मिळणारी मोकळी फेक). लांबून नेम बसेल का याचा अंदाज मला तरी तिथूनच येतो. एनबीएतला सेंटर ब्रूक लोपेझ, त्याचे पहिल्या आठ मोसमांत मिळून तीनच थ्री (लांबून तीन गुणांचे बास्केट) पडले आणि नवव्यात १३४, पण फ्री थ्रो त्याचे पहिल्यापासून चांगले होते. हे माझं वैयक्तिक मत, मी काही कोच नाही.

आता आम्हाला नडलं ते. एका सल्लागार कंपनीला (नाव नको) पैसे मोजले. त्यांनी चार मिनिटांची रील केली, त्यात नुसते डंक आणि ब्लॉक. एका संघाने बचावाचं, पूर्ण सामन्यांचं फुटेज मागितलं तर यांच्याकडे नाही! तेही सोसलं असतं. पण नाव मागे घ्यायच्या तारखा दोन असतात, एक एनबीएची आणि एक कॉलेजवाल्या एनसीएएची, आणि एनसीएएची आधी येते. त्या वर्षी ती १ जूनला होती, एनबीएची १३ ला. कंपनीतला माणूस फोनवर म्हणाला, "अजून तेरापर्यंत वेळ आहे, निवांत राहा." आम्ही राहिलो निवांत. ८ जूनला मी कॉलेजात फोन केला, तेव्हा कळलं की कॉलेजात खेळायची पात्रता गेली. उरलेली दोन वर्षं, शिष्यवृत्ती, सगळं. कंपनीचं उत्तर काय, तर "करारात तारखांची जबाबदारी आमची नाही." ड्राफ्टमध्ये नाव आलं नाहीच. आता जर्मनीत दुसऱ्या श्रेणीत खेळतो, बरं चाललंय, पण तो विषय घरात कुणी काढत नाही.

नियम दरवर्षी हलतात, त्यामुळे माझ्या तारखांवर जाऊ नका. कॉलेजच्या कम्प्लायन्सवाल्यांकडून (नियम सांभाळणाऱ्या विभागाकडून) ईमेलवर लेखी घ्या, फोनवर नको. मुलगा ड्राफ्टमध्ये कुठे बसेल याचा अंदाज एनबीएची समिती कळवते, तो कोचमार्फत आधी मागवा.

आणि हो, भाच्याची उंची घरीच अनवाणी मोजून घ्या. आमचे सहा फूट दहा इंच, बूट काढल्यावर सहा फूट आठ इंच भरले, तेही सगळ्यांसमोर.