रॉटव्हीलर, रॉटविलर की रॉटवाइलर?

या कुत्र्याचं नाव मराठीत नेमकं कसं लिहावं आणि त्यातल्या 'व्हीलर'चा चाकाशी काही संबंध आहे का, असा प्रश्न आहे.

नावाचा चाकाशी संबंध नाही. टू-व्हीलर, फोर-व्हीलर तोंडात इतके बसलेत की जीभ आपोआप तिकडे वळते, एवढंच. शब्दाची फोड 'रॉटवाइल' अधिक 'अर' अशी आहे. रॉटवाइल हे नैर्ऋत्य जर्मनीतलं, नेकार नदीकाठचं जुनं रोमन गाव. शेवटचा 'अर' म्हणजे सरळ आपला 'कर'. पुण्याचा तो पुणेकर, रॉटवाइलचा तो रॉटवाइलर. हॅम्बर्गरमध्येही हाच प्रत्यय. (डॉबरमनला हा न्याय लावू नका, ते एका माणसाचं आडनाव आहे.) उच्चारातला 'आइ' तर आपण आइनस्टाइन लिहिताना बिनचूक लिहितो, मग इथेच का अडावं?

जुनं पूर्ण नाव मात्र यापेक्षा बोलकं आहे: 'रॉटवाइलर मेट्झगरहुंड', म्हणजे रॉटवाइलच्या खाटकाचा कुत्रा. गावात गुरांचा मोठा बाजार भरे. खाटीक गुरं विकत घेऊन पायी हाकत आणत, आणि अडून बसलेल्या बैलाला अंगाने रेटायला, फुटलेलं जनावर कळपात वळवायला असलाच दांडगा कुत्रा लागे. नराची खांद्यापाशी उंची 61 ते 68 सेंटिमीटर आणि वजन 50 किलोच्या घरात, तेव्हा बैलही ऐकत असणार! परतताना खाटीक पैशांची थैली त्याच्याच गळ्यात अडकवत, असंही सांगतात. मालाच्या छोट्या गाड्याही त्याला जुंपत. चाक आलं ते इथे, नावात नव्हे.

एकोणिसाव्या शतकात गुरं रेल्वेने जाऊ लागली, रस्त्याने हाकायला बंदी आली आणि त्याचं मूळ कामच गेलं. जात जवळजवळ संपायला आली होती. तिला सावरलं ते पोलिसांनी. 1910 मध्ये जर्मनीत पोलिसी कामासाठी तिला अधिकृत मान्यता मिळाली. आज आपल्याकडे बंगल्याच्या फाटकावर 'कुत्र्यापासून सावध'च्या पाटीमागे दिसतो तो हाच गुराखी.

तेव्हा 'रॉटवाइलर' लिहा, 'रॉटवायलर'ही चालेल. विक्रीच्या जाहिरातीत 'जर्मन रॉटवाइलर' दिसलं, तर वंशावळ जर्मनीतली असल्याचा तो विक्रेत्याचा दावा समजावा. तसा दावा नसेल, तर 'जर्मन' हा शब्द जास्तीचाच.