घावलेलं पिल्लू

हरिपूर, जूनचा पहिला आठवडा

बाळा,

रविवारी तू खोका घेऊन आलास, तासभर बसलास आणि गेलास. कप उचलायला गेले तर तुझा चहा तसाच. मी फार तोडून बोलले. बोलले त्यातलं काही मागे घेत नाही, पण ते अर्धंच होतं. उरलेलं लिहून कळवते, कारण या विषयावर बोलायला लागले की माझा आवाज चढतो. तू पाहिलंसच.

तू विचारलंस, "बाई, ह्याला सोडू का ठेवू? सोडलं आणि मेलं तर?" बुलबुल तुझ्या खांद्यावर बसून कानाची पाळी टोचत होता आणि तुझे डोळे भरलेले. तुला धीर देत बसायची गरज मला वाटत नाही. तीन आठवडे अभ्यास सोडून बांधावर नाकतोडे धरत फिरलेल्या मुलाला प्रेम म्हणजे काय ते मी काय सांगणार? मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. बोलता बोलता तू सांगून गेलास, की वळवाच्या पावसात जाईचा वेल खाली आला, घरटं पडलं, तू तिन्ही पिल्लं उचलून खोलीत नेलीस, आणि "दोन मोठे बुलबुल अंधार पडेपर्यंत तारेवर ओरडत होते, एकाच्या चोचीत अळी होती." एवढं सांगून तू पुढे खोक्याला भोकं कशी पाडलीस ते सांगायला लागलास.

अरे, ते आई-बाप होते. अळी घेऊन आले होते. पिल्लं अनाथ नव्हतीच. ती तू दार लावून घेतल्यावर अनाथ झाली.

आमच्याकडे पोरं धावत येतात, "बाई, पिल्लू घावलंय!" चाळीस वर्षं हे वाक्य ऐकतेय. हरवलेली वस्तू घावते. हे पिल्लू कुणाचं हरवलं होतं, हे कुणी विचारत नाही. पिल्लू तुझं नाही. तुझ्या वहीच्या पहिल्या पानावर हे लिही. बाकीचं सगळं तुला यातूनच उमगेल.

पंख फुटलेलं, आखूड शेपटीचं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू जमिनीवर दिसलं, तर ते बहुतेक वेळा पडलेलं नसतं, बाहेर पडलेलं असतं. बुलबुलाची पिल्लं बारा-चौदा दिवसांत घरटं सोडतात, तेव्हा त्यांना धड उडता येत नाही. पुढचे कित्येक दिवस आई-बाप त्यांना झुडपात, कुंपणात शोधून भरवतात. अशा पिल्लाला जवळच्या फांदीवर उंच ठेवायचं, कुत्र्या-मांजराला आवरायचं आणि स्वतः लांब जायचं. वीस पावलं नाही, चांगलं लांब. तू जवळ उभा असलास तर ते खाली उतरणारच नाहीत, आणि तू म्हणशील, "बघा, कुणी आलंच नाही."

तुझी तीन मात्र उघडी, बिनपिसांची, डोळे नुकते उघडलेली होती. त्यांना घरट्याची गरज होती, हे खरं. पण घरटं मोडलं तर दुसरं करता येतं. बाजारात मिळते ती लहान परडी, तळाला पाणी निथळायला जागा, आत सुकं गवत आणि काथ्या, आणि ती त्याच वेलाच्या जागी किंवा हाताच्या अंतरावरच्या फांदीला, सावलीत, घट्ट बांधायची. पिल्लांचा आवाज आला की आई-बाप तिथे येतात. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लू टाकतात असं तुझी आजी सांगते, माझी आईही सांगायची. ते खरं नाही. वासावरून पिल्लू टाकणारा पक्षी मी पाहिला नाही. या एका गैरसमजापायी किती पिल्लं घरट्याच्या खाली पडून राहिली असतील.

टिटवीची पिल्लं तर आणखी वेगळी. नांगरटीत, खड्यांत अंडी, आणि अंड्यातून निघाल्यावर काही तासांत पिल्लं पळायला लागतात, आपली आपण टिपून खातात. आई ओरडली की ढेकळाला चिकटून गप्प पडतात. मग ट्रॅक्टरवरचा एखादा भला माणूस ती "बेशुद्ध पडलेली" पिल्लं टोपीत घालून माझ्याकडे आणतो. मी त्याला त्याच पावली त्याच सरीत परत पाठवते. लोकांना मी खडूस वाटते. वाटू दे.

आपल्या शिराळ्या-कराडकडे ऊसतोडीत बिबट्याचे बछडे सापडतात, ऐकलं असशील. वनखात्याची माणसं ते उचलून कुठल्या प्राणिसंग्रहालयात नेत नाहीत. संध्याकाळी जिथे सापडले तिथेच ठेवतात, कॅमेरा लावतात, माणसं मागे हटवतात. अंधारात आई येते आणि एकेक तोंडात धरून घेऊन जाते. बिबट्याच्या बाबतीत अख्ख्या गावाला हे कळतं, कारण तिथे भीती असते. बुलबुलाच्या आईची आपल्याला भीती नाही, म्हणून तिचं पिल्लू आपलं होतं काय?

आता त्या गेलेल्या दोन पिल्लांचं. तू विचारलं नाहीस, पण खोक्यातल्या रिकाम्या कोपऱ्याकडे सारखा बघत होतास. सांगते. भिजलेलं, गारठलेलं पिल्लू आधी ऊब मागतं. पक्ष्याचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं, चाळिशीच्या पुढे. उघड्या पिल्लाला ते स्वतः राखता येत नाही, आणि गार पोटात अन्न पचत नाही. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायची, अंग गरम झालं, चोच आपणहून वासली, की मगच खाणं. तू ड्रॉपरने दूध घातलंस. पाखराला दूध पचत नाही, आणि त्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड असतं. वरून सोडलेला थेंब पोटात जाण्याऐवजी छातीत जातो. पाणीसुद्धा असं पाजायचं नाही, त्याला लागतं तेवढं पाणी किड्यांतून मिळतं. पहिलं त्या रात्री गेलं, दुसरं सकाळी. चूक तुझी होती. तुला कुणी शिकवलं नव्हतं, हेही खरं. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत, त्यातली एकच धरून बसू नकोस.

तिसरं जगलं, कारण तू दूध-पाव टाकून नाकतोडे, अळ्या आणि पपईचा गर द्यायला लागलास, उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत दर अर्ध्या तासाला. ते काम तू चोख केलंस. बाजरी-तांदळाच्या कण्या घालत बसला असतास तर हेही गेलं असतं. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना किडेच भरवते. (कधी होल्याचं किंवा पारव्याचं पिल्लू आलं तर हे सगळं विसर. ते चोच वासत नाही, आईच्या घशात स्वतःची चोच घालून तिच्या गळ्यातलं दूध पितं. लगेच जाणती माणसं गाठ, एकटा धडपडू नकोस.)

तुला वाटत असेल, या बाईला सगळं आधीपासून येत होतं. १९९१ च्या मार्चमध्ये नारळाच्या झाडावरून पडलेलं घारीचं पिल्लू माझ्याकडे आलं. मी नोकरीत नवी होते, हौस दांडगी. रोज सकाळी खाटकाकडून कोंबडीचं मऊ, बिनहाडाचं मांस आणायचे, बारीक कापून भरवायचे. हाड घशात अडकेल म्हणून काढून टाकायचे. सगळी गल्ली बघायला यायची. मी तिचं नाव राणी ठेवलं. दीड महिन्यात तिचे पाय वाकडे झाले, पंख उचलताना हाड मोडलं. मिरजेच्या पशुवैद्यांनी विचारलं, "हाडं घातली नाहीत?" घार पिल्लाला उंदीर आणते, पाखरू आणते, कातडी-हाडांसकट. नुसत्या मांसात चुना नसतो. मी माझ्या मायेनं तिची हाडं काढून घेतली होती. नऊ महिने ती गच्चीवर लंगडत फिरली. वर घारी घिरट्या घालायच्या तेव्हा मान वाकडी करून बघायची. मी तेव्हा एकदाही स्वतःला विचारलं नाही, की ही कुणाची? माझीच होती ना ती, राणी होती.

म्हणून तू बुलबुलाचं जे नाव ठेवलंयस, ते मी या पत्रात लिहिणार नाही.

दुसरी गोष्ट सांगू की नको, असा विचार करत होते. सांगते. माझ्या गल्लीतली एक आठ-नऊ वर्षांची मुलगी दयाळाचं पिल्लू ओंजळीत घेऊन आली. पंख फुटलेलं, खुटखुटीत. मी म्हटलं, जिथून आणलंस तिथे ठेव, आई येईल. ती रडत होती, मी तिला समजावत गेले. आम्ही दोघींनी ते चिंचेखाली ठेवलं आणि मागे आलो. आई आली, मी स्वतः पाहिली, एकदा भरवलंही. दुसऱ्या खेपेच्या आत मांजर आलं. ती मुलगी पुढे दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही. तिच्या आईनं मला दारात येऊन सुनावलं, तुमच्या शास्त्रापायी जीव गेला. मी आजही म्हणते, मी बरोबर होते. चूक जागेची झाली. जमिनीवर न ठेवता फांदीवर ठेवायचं होतं, आणि मांजर कुणाचं आहे हे मला माहीत होतं, त्या घरी जाऊन ते तासभर कोंडून ठेवायला सांगायचं होतं. तेवढं केलं नाही. पण पिल्लू आईकडे ठेवलं, यात चूक नाही. हे मी त्या मुलीला सांगायला हवं होतं आणि मांजराबद्दल माफीही मागायला हवी होती. मी फक्त पहिलं सांगितलं. वीस वर्षं झाली. तिला कधी भेटले की सांगेन असं दर वेळी ठरवते.

तर आता तुझ्या प्रश्नाचं. सोडायचं. मेलं तर? मरू शकतं. लहान पाखरांची बहुतेक पिल्लं पहिलं वर्ष पुरं करत नाहीत, आईनं वाढवलेलीसुद्धा. तुझं पिल्लू त्यांच्याहून जास्त धोक्यात आहे. शिक्रा आला की बुलबुल कसे ओरडतात आणि कुठे दडायचं, हे त्याला कुणी दाखवलेलं नाही, आणि माणूस दिसला की ते खांदा शोधतं. तो खांदा प्रत्येक वेळी तुझा नसेल. ठेवलंस तर ते जगेल, माझ्या राणीसारखं. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे रानपाखरू घरात पाळणं गुन्हा आहे. वनखात्याला १९२६ वर फोन करून पिल्लाची नोंद दे आणि ते सांगतील तसं कर. भिऊ नकोस, लपवू मात्र नकोस. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. पिल्लू तुझं नाही. तीन आठवडे तू दुसऱ्याचं लेकरू सांभाळलंस, बस्स.

आजपासून त्याच्याशी बोलणं बंद. हातानं भरवणं बंद. वाटीत फळ ठेव, जिवंत किडे मोकळे सोड, त्याचं त्याला पकडू दे. खोलीच्या खिडकीशी मच्छरदाणी बांधून त्यात फांद्या लाव, बाहेरचे बुलबुल दिसू देत, ऐकू येऊ देत. खांद्यावर यायला बघेल, ओरडेल. तू खोलीबाहेर जा. हे सगळ्यात कठीण आहे, आणि मी ते १९९१ मध्ये एक दिवसही केलं नाही.

वनखात्यानं हो म्हटलं, की आठ-दहा दिवसांनी, पाऊस उघडलेल्या सकाळी, इकडे ये. माझ्या परसातल्या पेरूवर बुलबुलांची दोन जोडपी आहेत. मच्छरदाणी तशीच घेऊन ये, ती आपण पेरूखाली लावू आणि दुसऱ्या दिवशी एक बाजू उघडू. पुढचा आठवडाभर वाटीत फळ मी ठेवत जाईन, ते परत आलं तर खाईल. तू मात्र तेवढे दिवस यायचं नाहीस. तुझा आवाज त्याला कळतो.

सहाच्या आत पोच. चहा मी करून ठेवते, या वेळी पिऊन जा.

तुझी,
बाई