देवनागरी अक्षरांत कोन कुठे शोधायचे?

पाचवीतल्या मुलीला 'अक्षरांतले कोन शोधा' असा प्रकल्प मिळालाय, इंग्रजीचं झालं पण मराठी अक्षरं गोल म्हणून अडलंय, असं तुम्ही लिहिलंय. अक्षराचं पोट सोडा, डोकं बघा.

मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते. सहावी-सातवीची मुलं शिकवणीला येतात; शाळा गुजराती, घर मराठी. त्यांना मी रेल्वे स्टेशनची पाटी डोळ्यांपुढे आणायला सांगते. (आम्ही बडोदं म्हणतो, पाटी वडोदरा म्हणते, असो.) एकच नाव, तीन लिप्या. देवनागरी 'वडोदरा'त व-चा दंड, डो-चा काना आणि रा-चा काना अशा तीन उभ्या रेघा शिरोरेषेला भिडतात. प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना एकेक काटकोन, म्हणजे सहा. शेवटच्या कान्यापुढे रेघ ओढलीच नसेल तर पाच. ड आणि द यांच्या आखूड मानेचे निराळे.

आता गुजराती नाव बघा. शिरोरेषाच नाही, त्यामुळे हे सगळे काटकोन गायब! ही लिपी बराच काळ हिशेबाच्या वह्या आणि पत्रांतच वापरली जायची. शराफी, वाणियाशाई ही तिची जुनी नावं. घाईत जमाखर्च लिहिणारा डोक्यावर रेघ कशाला ओढत बसेल? आपल्या मोडीत मात्र आधी ओळभर रेघ ओढून घ्यायचे आणि मग तिला अक्षरं टांगायचे.

इंग्रजी नावात 'ए' तीनदा येतो. एका 'ए'त शेंड्याला एक लघुकोन, आडव्या दांडीच्या वर दोन लघुकोन, खाली दोन विशालकोन. काटकोन औषधालाही नाही.

मराठीत लघुकोन हवाय? 'के' लिहा आणि मात्रा पट्टीने सरळ ओढा. मात्रेच्या डावीकडे शिरोरेषेशी लघुकोन, उजवीकडे विशालकोन, दोघांची बेरीज १८० अंश. मुलीला कोनमापक लावून बघू दे, मजा येते.

ट, ठ, छ यांच्या गोलाईत मात्र कोनमापक घालू नका. वक्ररेषेशी होणारा कोन स्पर्शिका काढून मोजतात आणि ते पाचवीला नको. सरळ रेघ सरळ रेघेला मिळते तेवढ्याच जागा धरा. अक्षरं वितभर उंच काढा, नाहीतर मार्करच्या जाडीतच कोन बुडतो.

आणि तो व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड, 'एकात एक कोन, दोनात दोन, म्हणून अंकांना हे आकार', प्रकल्पात चिकटवू नका. ते खोटं आहे. आपल्या अंकांचं मूळ ब्राह्मीत आहे आणि तिथे एक, दोन, तीन म्हणजे तितक्या आडव्या रेघा होत्या, कोन नव्हेत. आमच्याकडे एका पठ्ठ्याने सातात सात कोन भरण्यासाठी त्याला खाली शेपूट आणि मध्ये कमरपट्टा जोडून आणला होता. शेपटीला परत एक वळसा दिला, तेव्हा कुठे सात भरले.