मानेत गाठ नाही, तरी मानेचं ऑपरेशन कशाला?

प्रश्न (निपाणी) : आप्पा तंबाखूच्या वखारीत होते, तोंडात तंबाखू कायम. जिभेच्या डाव्या कडेला जखम झाली, तुकड्याच्या तपासणीत कॅन्सर निघाला. एमआरआयमध्ये आकार २.५ सेंटिमीटर, खोली ६ मिलिमीटर, मानेत गाठ नाही. बेळगावला जिभेबरोबर मानही करू म्हणतात. कोल्हापूरला म्हणाले, मान सोनोग्राफीवर ठेवू. काय करावं?

उत्तर : मानही त्याच वेळी करून घ्या. तोंडाचा कॅन्सर आधी मानेतल्या लसिका ग्रंथींत (लिम्फ नोड) पसरतो; हाताला गाठ लागत नाही म्हणजे ग्रंथीत आजार नाही, असं होत नाही. दोन-तीन मिलिमीटरचा ठिपका सोनोग्राफीलाही चुकतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलने नेमका हाच प्रश्न घेऊन सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांचे दोन गट केले आणि २०१५ मध्ये निकाल मांडला. मान आधीच केलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते, गाठ आल्यावर केलेल्यांपैकी ६७.५ टक्के. थांबलेल्यांत गाठ दिसेपर्यंत आजार बऱ्याचदा पुढे गेलेला असतो. खोली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त असली की हा फायदा ठळक दिसतो, आणि आप्पांची तर ६ आहे.

यात सगळी मान सोलून काढत नाहीत. हनुवटी-जबड्याखालच्या आणि मानेच्या वरच्या-मधल्या भागातल्या ग्रंथी निघतात, म्हणजे लेव्हल १ ते ३. जिभेसाठी काही सर्जन लेव्हल ४ही, म्हणजे मानेचा खालचा भागही, घेतात. मोठी शीर, मानेचा स्नायू आणि खांद्याची नस जागेवरच राहतात. आजार सगळ्यांत आधी जिथे पोचतो ती फक्त पहिली ग्रंथी काढून तपासण्याची पद्धतही आहे, पण तिला किरणोत्सारी द्रव्य आणि सरावलेली टीम लागते. ती फार थोड्या ठिकाणी होते.

खांद्याची नस वाचवली तरी ऑपरेशनमध्ये ताणली जाते. मग केस विंचरायला हात वर जात नाही, सदऱ्याची बाही घालताना खांदा ओघळतो. जखमेतलं पाणी बाहेर नेणारी मानेतली नळी निघाली की फिजिओथेरपी लगेच सुरू करा. महिनाभर हात गळ्यात बांधून ठेवलात तर सांधा आखडतो आणि मग तो सोडवणं फार कष्टाचं होतं.

नळीच्या बाटलीकडे रोज बघा. पाणी लालसरवरून पिवळट होत जातं; २४ तासांत २५-३० मिलीच्या आत आलं की नळी काढतात. नाकातल्या नळीने दूध सुरू केल्यावर बाटलीत दुधाळ पाणी दिसलं, तर तासाभरातच नर्सला सांगा. डाव्या बाजूला मानेच्या तळाशी अन्नातली चरबी वाहणारी नलिका असते, तिला इजा झाली असण्याची शक्यता असते.

प्रश्न (खानापूर) : आईच्या गालाचा कॅन्सर, जबड्याखाली २ सेंटिमीटरची गाठ. तिचीही मान तेवढीच करतात का?

उत्तर : गाठ असली की थांबण्याचा प्रश्नच उरत नाही. बहुधा लेव्हल १ ते ५, म्हणजे मानेच्या मागच्या बाजूच्या ग्रंथीही, काढतात. गाठ चिकटलेली नसेल तर खांद्याची नस राखता येते. चिकटली असेल तर नसही काढावी लागते, कारण नस वाचवताना आजार मागे ठेवणं परवडत नाही.

दोघांनीही पॅथॉलॉजीचा अहवाल हातात घेऊन दोन गोष्टी बघा : एकूण ग्रंथी किती तपासल्या (१८ तरी हव्यात) आणि आजार ग्रंथीचं आवरण फोडून बाहेर आला आहे का. आला असेल तर किरणांबरोबर (रेडिएशन) केमोही देण्याचा विचार करतात. किरणं लागणार असतील तर ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू झाली पाहिजेत, आणि ती साधारण सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतात. तेव्हा बेळगावात राहण्याची सोय ऑपरेशनच्या आधीच बघून ठेवा, आणि दातांच्या डॉक्टरांकडेही त्याआधीच जाऊन या. किडलेले दात किरणांनंतर काढले तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो.