आजोबांच्या हस्तिदंताचं काय करायचं?

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. आजोबांचे दोन तंबोरे, दिलरुबा, हस्तिदंती फण्या, सोंगट्या, कागद कापायची सुरी, या सगळ्याची किंमत काढून भावंडांत वाटणी करायचं घरात चाललंय म्हणतेस. किंमतीचा विषय आजच बंद करा. हत्तीच्या दाताच्या व्यापारावर आपल्याकडे १९८६ साली बंदी आली, १९९१ला आफ्रिकेतून आलेल्या दातावरही. वस्तू शंभर वर्षांची आहे म्हणून सूट नाही. अँटिकवाला दलाल दारात आलाच, तर त्याला चहासुद्धा विचारू नका.

पण घाई आहे, ती दुसऱ्याच गोष्टीची. वारशाने आलेल्या अशा वस्तूंची माहिती ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांना द्यावी लागते. ते बसतात नागपूरला. तू आधी सांगलीच्या वन विभागात जाऊन विचार. त्याही आधी आजोबांची ट्रंक उपस. मालकी प्रमाणपत्र शोध. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घरातल्या अशा वस्तू नोंदवायला लावल्या होत्या आणि २००३मध्ये राहिलेल्यांना १८० दिवसांची मुदत पुन्हा दिली होती. आजोबा रॉकेलच्या पावत्यासुद्धा जपणारे, कागद असेल तर सापडेल. नसेल तर स्वतःच्या अकलेने अर्ज खरडू नकोस, वन्यजीव कायद्याची प्रकरणं चालवणारा वकील गाठ. हत्ती त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. गुन्हा ठरला तर शिक्षा ३ ते ७ वर्षांची.

यादी करताना जे पांढरं ते हस्तिदंत, असं धरू नकोस. वाद्यांवर तर सगळी सरमिसळ असते. भिंगातून बघ. हाडावर बारीक काळसर ठिपके दिसतात. खऱ्या दाताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेघा असतात. सेल्युलॉइडच्या, म्हणजे हस्तिदंताची नक्कल करणाऱ्या जुन्या प्लास्टिकच्या, रेघा फारच शहाण्यासारख्या, सरळ आणि समांतर. गरम सुई टोचून बघायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस. दाताला डाग पडतो आणि सेल्युलॉइड भसकन पेटतं. वाद्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, सांबरशिंगाची निघाली तर तीही यादीत घे, सांबरालाही हाच कायदा लागू आहे.

तंबोऱ्यावरचे दाताचे मणी आणि कडेची नक्षी उपटून प्लास्टिक बसवू, म्हणजे कटकट मिटेल, हा दादाचा विचार मला पटत नाही. उपटलेला तुकडाही हस्तिदंतच, त्याचाही हिशेब द्यावाच लागणार. वर वाद्य विद्रूप होईल ते वेगळंच. मिरजेच्या कारागिराकडे तारा-जवारी बघायला न्यायचं असेल तरी आधी कागद, मग तंबोरा.

आता पुढचं. माझं मत विचारशील तर वाद्यं एका माणसाच्या नावावर राहू देत, जो निदान आठवड्याला तारा जुळवेल त्याच्या. त्यानेही आपल्या मृत्युपत्रात ती कोणाकडे जाणार ते प्रमाणपत्राच्या क्रमांकासकट लिहून ठेवावं. फण्या-सोंगट्यांत कोणाचा जीव नाही असं तूच लिहिलंस. त्या एखाद्या सार्वजनिक संग्रहालयाला हव्या असतील तर वन विभागाची लेखी परवानगी घेऊनच द्या. कोणालाच नको असतील, तर २०२२च्या दुरुस्तीने सरळ वाट काढून दिली आहे: प्रमाणपत्रधारकाने कामाचे ७ दिवस आधी नोटीस द्यायची आणि वस्तू मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जमा करायच्या. मोबदला दमडीचा मिळत नाही. तरी पुढच्या पिढीच्या गळ्यात अनोळखी वस्तूंची पेटी बांधण्यापेक्षा मला हे बरं वाटतं.

अमेरिकेतल्या भावाने सुरी सामानात टाकून न्यायचं डोक्यातून काढावं, देशाबाहेर काहीही जाणार नाही.

तोवर सगळं वरच्या मजल्यावर ने. २०१९ला गावभागात कृष्णेचं पाणी कुठवर चढलं होतं ते तुला मी काय सांगू? दात पाणी पितो, फुगतो, आणि वाळताना तडकतो. म्हणून ओल्या फडक्यानेही पुसू नकोस, मऊ ब्रश पुरे. उन्हात ठेवू नकोस. प्रमाणपत्राच्या प्रती दोन वेगळ्या घरांत ठेव.

आणि बेळगावच्या आत्या धाकटा तंबोरा मागताहेत ना? त्यांना थोडं थांबायला सांग. राज्याबाहेर वस्तू गेली की ३० दिवसांत तिकडच्या मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवावं लागतं, आणि आपल्याकडची नोंद तुझ्या नावावर झाल्याशिवाय मी तर तो उंबऱ्याबाहेर काढणार नाही. ट्रंकेत काय सापडतं ते फोनवर कळव.

तुझा,
काका