शिकवणी लावायची, पण कोणाकडे?

वाचक विचारतात

प्रश्न : मुलगा चौथीपर्यंत मराठी शाळेत होता. पाचवीपासून इंग्रजी माध्यमाच्या हायस्कूलात आहे. आता सातवीत गणितात काठावर पास होतो. घरी येऊन शिकवणारं कोणी मिळेल का, आणि ते शोधायचं कसं? – एक पालक, डिचोली

उत्तर : शिक्षक शोधण्याआधी मागच्या दोन-तीन चाचण्यांच्या उत्तरपत्रिका मागवून घ्या. लाल पेनाने काट मारलेलं प्रत्येक गणित बघा आणि त्यापुढे एक खूण करा : प्रश्नच समजला नाही, रीत चुकली, की आकडेमोड चुकली. मग प्रश्न न समजलेली चार शाब्दिक उदाहरणं मुलाला तोंडी, मराठीत सांगा. त्यातली तीन सुटली, तर गणित कच्चं नाही, प्रश्नाची इंग्रजी अडते आहे. मराठी प्राथमिक शाळेतून आलेल्या मुलांत हे सर्रास दिसतं. अपूर्णांक, छेद, लसावि त्यांना येतात, पण ‘फ्रॅक्शन’ आणि ‘एलसीएम’ म्हणजे तेच, हे कोणी नीट जोडून दिलेलं नसतं. अशा मुलाला नुसतं इंग्रजीतून शिकवणारा पदवीधर देऊ नका. दोन्हीकडचे शब्द जाणणारा माणूस हवा, मग तो डीएड झालेला असला तरी सातवीला पुरतो. उलट तोंडीही सुटलं नाही, तर पाचवीच्या अपूर्णांकांपासून मागे जावं लागेल. तेव्हा ‘शाळेत जे चाललंय तेच शिकवतो’ म्हणणाऱ्याचा उपयोग नाही.

आता शोध. पहिला फोन वर्गशिक्षकांना करा. ते स्वतः शिकवणार नाहीत, पण परिसरात कोण चांगलं शिकवतं हे त्यांना ठाऊक असतं. दुसरी जागा म्हणजे मुलापेक्षा एक-दोन इयत्ता पुढे असलेल्या मुलांचं घर. ‘सर कसे आहेत?’ असं विचारलंत तर ‘बरे आहेत’ एवढंच कळेल. त्यापेक्षा शिकवणीची वही बघायला मागा. वहीत सगळी गणितं सुबक आणि एकही चूक नाही, म्हणजे फळ्यावरून उतरवलेली. खाडाखोड, चुकलेल्या पायरीला गोल आणि शेजारी पुन्हा सोडवलेलं उदाहरण दिसलं, तर तिथे खरंच शिकवलं जातं. तिसरी जागा निवृत्त शिक्षक. त्यांच्यापैकी बरेच जाहिरात करत नाहीत. गावच्या वाचनालयात किंवा शाळेसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे चौकशी करा, त्याला सगळ्यांच्या नोट्स माहीत असतात. ऑनलाइन संकेतस्थळावरून नाव मिळालं, तर भेट होण्याआधी ‘नोंदणी शुल्क’ किंवा आगाऊ पैसे पाठवू नका.

डिचोली, पेडणे, सत्तरीच्या सीमेजवळ राहणाऱ्यांसाठी एक खबरदारी. दोडामार्ग-सावंतवाडीकडचे शिक्षक चांगले असतात, पण अनेकांचा हात महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांवर बसलेला असतो. पुण्या-मुंबईहून ऑनलाइन शिकवणाऱ्यांचंही तेच. पहिल्याच भेटीत मुलाचं पुस्तक त्यांच्या हातात द्या. ते चाळून ‘हा धडा आमच्याकडे वेगळ्या क्रमाने येतो’ असं म्हणाले, तर काम होईल. ‘गणित सगळीकडे सारखंच’ म्हणाले, तर जरा थांबा.

मग पाऊण तासाचा एक नमुना तास ठेवा. त्या तासाला मुलाची तीच चुकलेली उत्तरपत्रिका द्या. पेन्सिल कोणाच्या हातात आहे, एवढंच बघा. पहिली दहा मिनिटं शिक्षकच लिहीत असतील, तर पुढचे सहा महिनेही तेच लिहितील. दोन दिवसांनी आकडे बदलून तशीच तीन गणितं मुलाला एकट्याला द्या. दोन जमली की बोलणी पक्की करा.

प्रश्न : शाळेतल्याच शिक्षिका ‘माझ्याकडे पाठवा’ म्हणतात. नाही म्हटलं तर मुलीवर राग धरतील अशी भीती वाटते. – पालक, म्हापसा

उत्तर : शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 28 नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्यास मनाई आहे. त्यामुळे इथे नाही म्हणायला तुम्हाला संकोच वाटायचं कारण नाही. ‘घरापासून जवळ सोय झाली आहे, पण शाळेत कुठे कमी पडते ते सांगा, तिथे लक्ष देऊ’ असं बोला. यात नकारही आहे आणि त्यांचा मानही. त्यानंतर वर्गात वागणूक बदलली, तर तोंडी तक्रार करत फिरू नका. तारखा घालून मुख्याध्यापकांना पत्र द्या, पोच घ्या. तिथे काही हाललं नाही, तर भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. सत्रातच, चाचणी ताजी असताना लिहिलेलं पत्र वार्षिक निकालानंतरच्या पत्रापेक्षा जास्त गांभीर्याने घेतलं जातं.

प्रश्न : फी महिन्याची ठरते, पण चवथ, जत्रा, सरांची लग्नकार्यं यांत निम्मे तास बुडतात. भरपाई कशी मागायची? – मडगाव

उत्तर : भांडणाचं मूळ ‘महिना’ या मापात आहे. फी तासांवर ठरवा आणि महिन्याला द्या. समजा 3000 रुपयांत 12 तास ठरले, तर तास 250 रुपयांना पडला. चार तास बुडाले आणि पैसे पूर्ण दिले, की तोच तास 375 चा होतो. हा हिशेब आधी मांडला तर शिक्षकालाही खटकत नाही.

एका कागदावर पाच गोष्टी लिहा : आठवड्याचे वार, तासांची संख्या, शिक्षकामुळे बुडालेला तास किती दिवसांत भरून द्यायचा, मुलामुळे बुडाला तर काय, आणि सोडताना किती दिवस आधी सांगायचं. चवथीच्या सुट्टीचा आठवडा आधीच वगळा. वर्षाची फी एकरकमी मागत असतील, तर दुसरीकडे बघा. एका महिन्यापलीकडे आगाऊ देऊ नये, सवलत कितीही असो.

मोठ्या क्लासचं गणित निराळं. केंद्र सरकारच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 50 हून अधिक विद्यार्थ्यांच्या कोचिंग केंद्राने 16 वर्षांखालच्यांना प्रवेश देऊ नये, यशाची हमी देऊ नये, आणि विद्यार्थ्याने मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाची फी 10 दिवसांत परत करावी. गोव्यात कोचिंग क्लासेससाठी 2001 चा स्वतंत्र कायदाही आहे. क्लासची नोंदणी दाखवायला सांगा, आढेवेढे घेतले तर पावतीही धड मिळणार नाही हे समजा. घरी येणाऱ्या एकट्या शिक्षकाला 50 विद्यार्थ्यांवरच्या केंद्रांचे हे नियम लागू पडत नाहीत, म्हणून तो कागद.

प्रश्न : मुलगी नववीत. सर संध्याकाळी घरी येणार, तेव्हा आम्ही दोघेही कामावर. चालेल का?

उत्तर : नाही. घरात मोठं माणूस असेल तीच वेळ ठेवा. बसायची जागा हॉल किंवा बाल्कनी, दार उघडं. ओळखपत्राची प्रत आणि आधी शिकवलेल्या दोन घरांचे फोन घ्या, आणि ते खरोखर लावा. मुलीशी परस्पर मेसेज नकोत, पालकांसह तिघांचा गट करा. हे अविश्वासाचं वाटत असेल तर सुरुवातीलाच सांगून टाका. चांगल्या शिक्षकाला उलट सोयीचं पडतं. वेळ जुळत नसेल, तर त्याच वाड्यावरच्या तीन-चार मुलींनी मिळून एका घरी बसावं. फीही वाटली जाते.

प्रश्न : मुलगा अकरावी सायन्सला, फोंड्याच्या हायर सेकंडरीत. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, तिन्हींना शिकवणी लावावी का?

उत्तर : तिन्हींना लावली तर स्वतः बसून सोडवायला वेळ उरत नाही, आणि फिजिक्स तर सोडवल्याशिवाय येतच नाही. आधी एकच विषय, तोही पहिल्या चाचणीनंतर. तिन्ही विषय एकटाच शिकवतो म्हणणाऱ्याला बारावीच्या तिन्ही जुन्या प्रश्नपत्रिकांतली शेवटची मोठी उदाहरणं समोर सोडवायला सांगा. ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा द्यायची असेल, तर तिची तयारी आणि बोर्डाची तयारी एकाच माणसाकडे मागू नका.

वेळ ठरवताना बसचं वेळापत्रक समोर ठेवा. शेवटची कदंबा चुकते म्हणून शेवटची पंधरा मिनिटं रोज कापली जातात, आणि शंका नेमक्या त्याच वेळी विचारायच्या असतात. पावसाळ्यात ऑनलाइन तास असेल, तर वीज गेल्यावर काय करायचं तेही ठरवून ठेवा : फोनवर डेटा, आणि धड्याचा फोटो आधीच पाठवलेला. 2025 मध्ये बारावीची परीक्षा फेब्रुवारीतच सुरू झाली होती, तेव्हा अभ्यासक्रम डिसेंबरअखेर संपवायचा आणि जानेवारीत फक्त वेळ लावून पेपर सोडवायचे, असं शिक्षकाकडून जूनमध्येच कबूल करून घ्या.