आयलंड पीकला निघण्याआधी

प्रश्न : दर रविवारी आतकरवाडीतून पाऊण तासात सिंहगड चढतो. नेपाळचं आयलंड पीक झेपेल का? (कोथरूड)

दम चांगला आहे, तो उपयोगी पडेलच. पण सिंहगड जेमतेम १,३०० मीटर आणि हे शिखर ६,१८९. साडेपाच हजारांवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या निम्मा होतो. त्याचा सराव पुण्यात होत नाही. इथे जमेल ते करा. वेगाचा नाद सोडा, पाठीवर दहा किलोची सॅक घेऊन गड लागोपाठ दोनदा चढा-उतरा. शिखराच्या दिवशी मध्यरात्रीनंतर निघून दहा-बारा तास चालावं लागतं, वर बर्फाच्या भिंतीवर दोराला जुमार (दोरावर फक्त वर सरकणारी, खाली न घसरणारी पकड) लावून चढायचं असतं. जाड हातमोजे घालून जुमार लावणं-काढणं आणि दोरावरून उतरणं इथल्याच कातळावर हातात बसवून घ्या. तिथल्या थंडीत बोटं वळत नाहीत.

प्रश्न : एक कंपनी लुक्ला (विमानाने उतरून जिथून चाल सुरू होते ते गाव) ते लुक्ला अकरा दिवसांत नेते, दुसरी सोळा. अकरावाली स्वस्त आहे. (सिंहगड रोड)

सोळावाली घ्या. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. वाटेतली गावं म्हणजे नामचे ३,४४० मीटरवर, डिंगबोचे ४,४१० वर. या दोन्ही ठिकाणी दोन-दोन रात्री नसतील तर पैसे भरू नका. लुक्लाची विमानं हवेमुळे अडकतात, तेव्हा परतीच्या तिकिटात दोन दिवस राखून ठेवा.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. गाइड वर नेणार नाही या भीतीने आपली माणसं डोकेदुखी लपवतात, गोळी घेऊन गप्प बसतात. कृपा करून असं करू नका. डोकं दुखून मळमळत असेल तर वर जायचं नाही. चालताना तोल जाऊ लागला, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर मध्यरात्र असली तरी खाली उतरायचं. सकाळची वाट पाहण्यात जीव जातो.

प्रश्न : डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यावी का? (औंध)

डॉक्टरांना विचारून. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. घाईने चढलात तर ती गोळी वाचवत नाही.

प्रश्न : माथा जवळ असताना शेर्पाने परत फिरायला सांगितलं तर? एवढा खर्च केलेला असतो. (हडपसर)

फिरा. मी माथा दिसत असताना फिरलो आहे. दुपारी वारा सुटला तेव्हा आम्ही बेस कॅम्पात चहा पीत होतो. आदल्या संध्याकाळीच शेर्पादादांना विचारून परत फिरायची वेळ ठरवा आणि दोरावरच्या जोडीदारालाही सांगून ठेवा.